गुणाकाराची महागाई आणि मजुरीची स्वस्ताई

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन शेजारी तालुके. एके काळी येथील माणूस मुंबईच्या भाजीबाजारात किंवा गोदीत चिकटला, म्हणजे तो परमुलखात गेला असे मानले जाई. आज मंचर, नारायणगाव, ओतूर, घोडेगाव अशा गावांतील शिक्षकांची, नोकरदारांची आणि बागायतदारांची मुले न्यू जर्सीत, दुबईत, जर्मनीत आहेत. आणि त्यांच्यामागोमाग तिकडचे भावही घरोघरी येऊन पोहोचले आहेत. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत राहून आलेली एखादी निवृत्त शिक्षिका शेजारणींना सांगते, की तिकडे पुरुषाला नुसते केस कापायला दोन हजार रुपये पडतात. ऐकणाऱ्या अवाक होतात. उलट सुटीवर आलेला जावई नारायणगावात शंभर रुपयांत केस कापून येतो आणि 'इथे राहणे म्हणजे जवळजवळ फुकटच' असा निर्वाळा देतो. तोच जावई संध्याकाळी सासऱ्यांच्या गाडीत पेट्रोल भरतो तेव्हा मात्र गप्प होतो.

स्वस्त कोठे आणि महाग कोठे, हा प्रश्न चहाच्या वेळच्या गप्पांचा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर घरांतले मोठे निर्णय अवलंबून असतात. जमीन गहाण ठेवून मुलाला परदेशी शिकायला पाठवावे काय, पंधरा वर्षे तिकडे राहिलेल्याने परत यावे काय, तिकडून येणाऱ्या पैशावर इकडचे म्हातारपण निभेल काय, हे सारे निर्णय अशाच तुलनांतून होतात. आणि ही तुलना बहुधा चुकीच्या पद्धतीने केली जाते. ती चूक नीट उलगडून पाहिली, तर परदेशाविषयी थोडे आणि आपल्या दोन तालुक्यांविषयी बरेच काही कळते.

चुकीचे मूळ गुणाकारात आहे. डॉलरमधील किमतीला विनिमय दराने गुणले, की तिकडची किंमत रुपयांत कळली, असे गृहीत धरले जाते. परंतु विनिमय दर ठरतो तो आयात-निर्यातीच्या, भांडवलाच्या आणि सट्ट्याच्या बाजारात. घोडेगावच्या आठवडे बाजारात नव्हे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. म्हणून त्या दिवशी नारायणगावात केस कापणे अमेरिकेच्या तुलनेने एका रात्रीत दीडपटीहून अधिक स्वस्त झाले काय? गुणाकार करणाऱ्याच्या वहीत झाले. कात्री चालवणाऱ्या कारागिराला त्याची खबरही नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली, तेव्हाही त्याने आपला दर बदलला नाही.

त्यापेक्षा उलट्या बाजूने हिशेब करून पाहावा. एकच वस्तू दोन्हीकडे कितीला पडते ते पाहून, त्या वस्तूपुरता डॉलर किती रुपयांचा होतो ते काढावे. तुलनेसाठी अधिकृत दर ८५ रुपये धरू. २०२५ च्या पूर्वार्धात तो त्याच्या आसपास होता. अमेरिकेत बक्षिसी धरून केस कापायला पंचवीस डॉलर आणि नारायणगावात शंभर रुपये. म्हणजे केशकर्तनालयात डॉलर चार रुपयांचा. तिकडे दुधाचा गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरहून थोडे अधिक दूध, चार डॉलरच्या आसपास पडते आणि इकडे गाईचे पिशवीतले दूध छप्पन-अठ्ठावन रुपये लिटर. म्हणजे दुधात डॉलर सुमारे त्रेपन्न रुपयांचा. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोनचा सोळावा नमुना अमेरिकेत ७९९ डॉलरला, तिकडचा विक्रीकर सोडून, आणि भारतात ७९,९०० रुपयांना बाजारात आला. म्हणजे दूरध्वनीच्या दुकानात डॉलर शंभर रुपयांचा. आणि पेट्रोल? २०२४ साली अमेरिकेत गॅलनचा सरासरी भाव सव्वातीन डॉलरच्या थोडा वर होता, पुणे जिल्ह्यात लिटरला १०४ रुपयांच्या आसपास. पंपावर डॉलर एकशेवीस रुपयांच्या घरात जातो.

म्हणजे एका दिवसात, एकाच गावात, एकाच रुपयाचे चार भाव निघाले: चार, त्रेपन्न, शंभर, एकशेवीस. 'भारतात राहणे तिप्पट स्वस्त' किंवा 'चौपट स्वस्त' अशा विधानाला जो अर्थ असेल तो या चार आकड्यांच्या मधे कोठेतरी लपलेला असतो. आणि तो कोणाच्या पिशवीत कोणत्या वस्तू आहेत त्यावर बदलतो.

अर्थशास्त्राला ही अडचण जुनी आहे. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव्ह कासेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस क्रयशक्तीच्या समतेची कल्पना मांडली: चलनाचे खरे मोल त्यात काय विकत येते त्यावर मोजावे. पुढे १९६८ पासून संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी देशोदेशींच्या शेकडो वस्तूंचे भाव गोळा करून असे समतादर काढण्याचे काम हाती घेतले. ते आता जागतिक बँकेच्या देखरेखीखाली चालते. २०१७ सालच्या मोजणीत भारताचा समतादर डॉलरला २० रुपये ६५ पैसे निघाला. त्या वर्षी बाजारातील दर होता ६५ रुपये १२ पैसे. म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे मिळते ते भारतात सरासरीने एकवीस रुपयांहून कमी पैशांत मिळत होते. एका इंग्रजी साप्ताहिकाने १९८६ पासून हाच खेळ एका अमेरिकी बर्गरवर मांडला आहे. भारतात गोमांस चालत नसल्यामुळे त्यांना आपल्यासाठी कोंबडीचा वेगळा बर्गर हिशेबात घ्यावा लागला. वडापाव घेतला असता तर तुलना अधिक सोपी आणि निकाल अधिक नाट्यमय झाला असता, पण तो न्यू यॉर्कच्या नाक्यावर मिळत नाही.

या पद्धतीचा एक पूर्वज आपल्याच देशातला आहे, हे सहसा सांगितले जात नाही. दादाभाई नौरोजींनी १८७६ च्या सुमारास हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला, तेव्हा दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये निघते एवढे सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी तुरुंगातील कैद्याला काय खाऊ घातले जाते, परदेशी मळ्यांवर नेल्या जाणाऱ्या मजुराला जहाजावर किती तांदूळ, किती डाळ, किती मीठ दिले जाते, याची सरकारी परिमाणे घेतली, त्यांच्या किमती लावल्या, आणि सामान्य रयतेचे उत्पन्न तेवढ्यालाही पुरत नाही हे दाखवले. रुपयाचे पौंड करून इंग्रजांना घाबरवण्यापेक्षा, पोटाला काय लागते आणि ते मिळवण्याइतकी मिळकत आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. आजच्या तुलनेतही विचारण्यासारखा प्रश्न तोच आहे.

आता केशकर्तनालयातला डॉलर चार रुपयांचा का, हे पाहू. नारायणगावचा कारागीर न्यू जर्सीच्या कारागिरापेक्षा एकवीसपट वाईट केस कापत नाही. कात्री तीच, वेळ जवळपास तेवढाच. फरक एवढाच की दूध, पेट्रोल, लोखंड, खत, दूरध्वनी या गोष्टी जहाजात भरून देशाच्या सीमा ओलांडू शकतात. किमान त्यांचा कच्चा माल किंवा त्यांची भुकटी ओलांडू शकते. त्यामुळे त्यांचे भाव जगभर फार दूर जात नाहीत. दुधाचेच पाहावे. २०२४ साली अमेरिकी गोपालकाला लिटरमागे आपल्या चलनात साधारण चाळीस-बेचाळीस रुपये मिळत होते; महाराष्ट्रात त्याच वर्षाच्या अखेरीस संघाकडून २८ आणि शासकीय अनुदानाचे ७ मिळून पस्तीस. जगात भुकटीचे भाव पडले की मंचरच्या परिसरातल्या गोठ्यात त्याचा धक्का बसतो. केस कापणे मात्र जहाजात भरता येत नाही. त्याचा भाव त्या त्या ठिकाणी श्रमाला काय मोल आहे त्यावर ठरतो. आणि ते मोल त्या देशातील कारखाने, शेती, यंत्रे यांच्या एकंदर उत्पादकतेवर ठरते. १९६४ साली बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी हे एका अंगाने मांडले. १९८४ साली मुंबईत जन्मलेल्या जगदीश भगवती यांनी 'गरीब देशांत सेवा स्वस्त का' याच प्रश्नावर लेख लिहून त्याचे उत्तर श्रमिकांच्या विपुलतेत आणि भांडवलाच्या टंचाईत दाखवले. जिथे हात अनेक आणि यंत्रे थोडी, तिथे हातांचा भाव पडलेला.

याचा अर्थ सरळ आहे, पण तो सहसा उच्चारला जात नाही. 'आपल्याकडे राहणे स्वस्त' याचे भाषांतर 'आपल्याकडे माणूस स्वस्त' असे होते.

मंचरच्या एखाद्या माध्यमिक शिक्षकाच्या घरचा महिना डोळ्यांसमोर आणावा. सकाळी धुण्याभांड्यांना बाई येते. पीठ गिरणीतून दळून येते, फाटलेले शिवून मिळते, बिघडलेला पंखा दुरुस्त होतो, मुलांना शाळेत रिक्षावाला नेतो, दारावर भाजी येते, इस्त्रीचे कपडे घरपोच मिळतात. यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट न्यू जर्सीतील त्याचा भाऊ स्वतःच्या हाताने करतो किंवा यंत्राकडून करवून घेतो. कारण दुसऱ्या माणसाचा एक तास विकत घेणे त्याला परवडत नाही. समतादराने भारताला जी स्वस्ताई बहाल केली, तिचा बराच भाग या घरात उतरतो. पगार आयोगाच्या वेतनश्रेणीवर असलेला शिक्षक, लिपिक, बँक कर्मचारी हा या हिशेबाने खरोखरच सुस्थितीत आहे; आणि परदेशस्थ भावाच्या पगाराला पंच्याऐंशीने गुणून त्याने मनात जी खंत धरलेली असते तिच्यातील बरीचशी निराधार आहे. सहा हजार डॉलरला बाजारदराने गुणले तर पाच लाखांहून अधिक होतात. २०१७ च्या समतादराने सव्वा लाखाच्या आत राहतात.

इथवर चित्र सुखद आहे. पण हेच मोजमाप त्या भांडी घासणाऱ्या बाईच्या हातात देऊन पाहावे. तिच्या घरी कोणी धुण्याभांड्यांना येत नाही. रिक्षा नाही, इस्त्री नाही. तिचा खर्च धान्य, तेल, डाळ, दूध, सिलिंडर, औषधे, मुलाच्या दूरध्वनीचा भरणा आणि एस.टी.चे तिकीट यांवर होतो. २०२३-२४ च्या राष्ट्रीय उपभोग पाहणीत ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला आणि त्यातला ४७ टक्के हिस्सा अन्नाचा होता. अमेरिकी कुटुंबात अन्नाचा हिस्सा १३ टक्क्यांच्या जवळपास असतो. म्हणजे ज्या वस्तूंचा भाव जगाच्या भावाशी बांधलेला आहे त्या ती विकत घेते, आणि जी एकच गोष्ट जगाच्या भावापासून तुटलेली आहे, म्हणजे श्रम, ती विकते. देशाच्या स्वस्ताईत तिचा वाटा ग्राहकाचा नाही, पुरवठादाराचा आहे.

तासांचा हिशेब केला की हे उघड होते. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकून पडले आहे. अनेक राज्यांत ते याच्या दुपटीवर आहे, पण तुलनेसाठी सर्वांत कमी आकडाच घेऊ. या मजुरीवर तिकडचा माणूस एक लिटर दूध नऊ मिनिटांच्या कामात मिळवतो. इकडच्याला दीड तासाच्या जवळ राबावे लागते. एक लिटर पेट्रोल तिकडे सात मिनिटांचे, इकडे दोन तास चाळीस मिनिटांचे. आणि केस कापणे? तिकडे साडेतीन तासांच्या मजुरीला एकदा, इकडे अडीच तासांच्या. सगळ्या यादीत एवढ्या एकाच ठिकाणी जुन्नरचा मजूर अमेरिकी मजुराच्या पुढे आहे: दुसऱ्या मजुराचा वेळ विकत घेण्यात.

विद्यार्थ्यांना दुसरे एक उदाहरण अधिक जवळचे वाटेल. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठी एका गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, दाखवावे लागतात, असा नियम सप्टेंबर २०२४ पासून आहे. खोली, जेवण, आरोग्यविमा, प्रवास धरून एका विद्यार्थ्याला महिना काढायला एवढे लागतात, असे तेथील शासन मानते. आपल्या चलनात हा आकडा लाखाच्या आसपास जातो आणि ओतूरच्या घरात तो ऐकून झोप उडते. परंतु जर्मनीत २०२५ साली किमान वेतन तासाला १२ युरो ८२ सेंट होते. कर आणि विमा वजा होण्यापूर्वीचा हिशेब धरला, तर महिन्याचा पुरा निर्वाह साधारण ७७ तासांच्या कामात भागतो. जुन्नर तालुक्यात रोजगार हमीच्या दराने ७७ तास काम केले तर हातात तीन हजार रुपये येतात. म्हणजे ग्रामीण भारतातील एका माणसाच्या सरासरी खर्चापेक्षाही अकराशे रुपये कमी. आणि त्या खर्चाच्या सरासरीत जर्मन विद्यार्थ्याच्या खोलीसारखी खोली, विमा आणि रेल्वेचा पास नाही. महाग कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर ऐकणारा जमीनमालकाचा मुलगा आहे की मजुराचा, यावर ते अवलंबून आहे.

स्वस्ताईचा भार मजुरावर एकट्यावर आहे असेही नाही. दुसरा भारवाही कांदा पिकवणारा आहे, आणि त्याच्या बाबतीत बाजारापेक्षा शासनाचा हात मोठा आहे. मंचर, आळेफाटा, जुन्नर, ओतूर येथील बाजारांत येणारा कांदा परदेशी जाणाऱ्या मालापैकी आहे; दुबई, मलेशिया, श्रीलंका, बांगलादेश हे आपल्या कांद्याचे जुने गिऱ्हाईक. म्हणजे न्याय असा, की बराखीत कांदा साठवून बसलेल्या शेतकऱ्याला दुधाप्रमाणे किंवा पेट्रोलप्रमाणे जगाचा भाव मिळावा. प्रत्यक्षात काय घडले? १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. भाव झपाट्याने घसरले आणि त्या महिन्याच्या अखेरीस शिवनेरीच्या पायथ्यापासून पुण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. लोकसभेच्या निवडणुका चालू असताना, ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क या अटींसह. सप्टेंबरात, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, किमान भावाची अट गेली आणि शुल्क निम्मे झाले. पूर्ण शुल्क हटायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. तारखांची ही रांग पाहिली की कांद्याचा भाव हवामानापेक्षा पंचांगाने जास्त ठरतो असे वाटू लागते, आणि ते पंचांग दिल्लीत निघते.

या धोरणाचे समर्थन शहरी ग्राहकाच्या नावाने होते. ते समर्थन अगदीच पोकळ नाही; कांदा-भाकरीवर दिवस काढणारा मजूरही ग्राहकच असतो. पण आकडे बोलावेत. चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो कांदा लागतो. किलोमागे दहा रुपये स्वस्त झाला तर त्या घराचे महिन्याला पन्नास रुपये वाचतात. एका एकरात शंभर क्विंटल कांदा काढणाऱ्याचे मात्र त्याच दहा रुपयांनी एक लाख रुपये जातात. आणि तो लाख गेला की पुढच्या लागवडीच्या वेळी तो मजुरीचा दर वाढवून द्यायला तयार नसतो. ग्राहक म्हणून मजुराला दिलेले पन्नास रुपये अशा रीतीने मजूर म्हणून त्याच्याकडून वसूल होतात.

टोमॅटोची गोष्ट याच पठडीतली, पण तिच्यात विनोदही आहे. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या उपबाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांवर भाव गेला. त्याच दिवसांत समाजमाध्यमांवर एक हकिकत गाजली: दुबईहून सुटीवर येणाऱ्या मुलीने आईला विचारले, 'काय आणू?' आणि आईने दहा किलो टोमॅटो मागवले. वाळवंटातून टोमॅटो पिकणाऱ्या देशात टोमॅटो यावेत, याहून समतादराचा उलटा पुरावा तो कोणता? शासनाने तातडीने नेपाळातून आयात सुरू केली आणि सहकारी संस्थांमार्फत शहरांत सवलतीने विक्री केली. काही आठवड्यांनी नवा माल आला, भाव कोसळले; तेव्हा मात्र असा तातडीचा उपाय कोणाला सुचला नाही. महागाईला धावून जाणारी यंत्रणा आणि मंदीत हात झाडणारी यंत्रणा एकच असते, हे नारायणगावच्या आडत्यांना आणि हमालांना अनुभवाने ठाऊक आहे.

दुबईचा उल्लेख आला म्हणून एक विशेष सांगायला हवा. अमेरिकेत सेवा महाग आहेत, कारण तेथील मजुराचा पर्याय सहजासहजी आत येत नाही. दुबई श्रीमंत आहे, तिचा दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, तरीही तेथे टॅक्सी, शिवणकाम, घरकाम अमेरिकेच्या मानाने बरेच स्वस्त पडते. कारण ते काम करणारा माणूस आपल्याच उपखंडातून, मुदतीच्या परवान्यावर, इकडच्या मजुरीच्या मापाने तेथे नेलेला असतो. केस कापणे जहाजात भरता येत नाही हे खरे. केस कापणारा मात्र विमानात बसवता येतो. म्हणजे स्वस्ताई ही देशाच्या हवेत किंवा मातीत नसते. ज्याला आपला श्रम अधिक भावाने विकण्याचा मार्ग नाही, त्याच्याबरोबर ती प्रवास करते.

स्वस्तपणाचा एक वेगळा, अधिक मानाचा प्रकारही याच तालुक्यात उभा आहे आणि त्याची नोंद घेणे न्याय्य होईल. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. ती उभारताना डॉ. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी दोऱ्यांच्या आधारावर ताणलेल्या तारेच्या जाळीची रचना योजली. वजन घटले, वाऱ्याचा दाब घटला, पोलाद कमी लागले. पोलाद ही जगाच्या भावाने मिळणारी वस्तू. तिच्यात केलेली बचत हा बुद्धीचा विजय आहे. कोणाच्या तरी ताटातून उचललेला घास नाही. विदेशी पाहुणे खोडदला येऊन 'इतक्या कमी खर्चात हे कसे जमले' असे विचारतात तेव्हा उत्तर देताना मान खाली घालावी लागत नाही.

पाण्याच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. डिंभे धरणाच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव हे गावच गेले. तालुक्याचे नाव तेवढे मागे राहिले. त्या पाण्यावर पूर्वेकडची शेते हिरवी झाली आणि पश्चिमेकडच्या डोंगरातील महादेव कोळ्यांची घरे हिरडा वेचण्यावर आणि हंगामी मजुरीवर राहिली. कांद्याच्या लागवडीला आणि काढणीला नारायणगाव, आळेफाट्याच्या नाक्यांवर पहाटे जे मजूर उभे राहतात, त्यांत या डोंगरी गावांतील माणसे असतात. जुन्नर-आंबेगावची स्वस्ताई ज्याला मोजायची असेल त्याने ते नाके पाहावेत. भाव तेथे रोज ठरतो, आणि तो ठरवताना कोणीही डॉलरचा दर विचारत नाही.

शासनाला राहणीच्या खर्चातील फरक कळत नाहीत असे नाही. घरभाडे भत्ता देताना शहरांची वर्गवारी केली जाते आणि पुण्यातील कर्मचाऱ्याला घोडेगावातील कर्मचाऱ्यापेक्षा अधिक टक्के मिळतात. महागाई भत्त्याची टक्केवारी मात्र मुंबईला आणि घोडेगावला एकच. मोजमापातली ही विसंगती पगारदार माणसाला चालते, कारण दोन्हीकडून त्याला काही ना काही मिळत असते. नाक्यावरच्या मजुराला यांपैकी कोणताच भत्ता नाही. त्याचा महागाई भत्ता म्हणजे दुसऱ्या दिवशी अधिक दर मागण्याची त्याची ताकद. आणि ती ताकद लागवडीच्या चार आठवड्यांत येते, आषाढात ओसरते.

अलीकडे या भागातील बागायतदार 'मजूर मिळत नाहीत' अशी तक्रार करतात. हंगामात त्यांना शासकीय दराहून अधिक द्यावे लागतात, ने-आण करणाऱ्या गाडीचे भाडे द्यावे लागते, काही ठिकाणी आगाऊ उचल द्यावी लागते. बागायतदाराच्या बाजूने ही अडचण खरी आहे. कांद्याचा भाव दिल्लीत दाबला जात असताना वाढती मजुरी तो कोठून देणार? पण जगातील ज्या ज्या देशांत आज केस कापायला पंचवीस डॉलर पडतात, त्या त्या देशांत कधीतरी ही तक्रार पहिल्यांदा ऐकू आली होती. शेतातले हात कमी झाले, त्यांच्या जागी यंत्रे आली, राहिलेल्या हातांचा भाव चढला, आणि मग कात्रीचा, सुईचा, झाडूचा भाव त्यांच्या मागोमाग चढत गेला. तसे येथे व्हायचे असेल, तर शेतमालाला बाहेरचा भाव मिळू दिला पाहिजे आणि डोंगरातल्या मुलाला नाक्यावर उभे राहण्यावाचून दुसरे काही येत असले पाहिजे. पहिली गोष्ट निर्यातीच्या धोरणाची, दुसरी शाळेची. पहिल्यासाठी शेतकरी मोर्चे काढतात. दुसरीसाठी अजून कोणी काढलेला नाही.

मंचरच्या त्या शिक्षकाच्या घरी गेल्या दिवाळीनंतर भांडीवाल्या बाईने महिन्याला दोनशे रुपये वाढवून मागितले. घरात दोन दिवस त्याची चर्चा झाली, 'महागाई फार वाढली' असे सर्वांचे मत पडले, आणि न्यू जर्सीच्या भावाला दूरध्वनीवर ती बातमी महागाई म्हणूनच सांगण्यात आली. बाईच्या घरी त्याच दोनशे रुपयांत गाईचे साडेतीन लिटर दूध येते.